एक नंबरचा शर्ट आणि तीन ठिगळं

होळीनंतरच्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझे यजमान मैदानावर चुन्याची फक्की मारताना खाली बसले आणि उठले नाहीत. मी तेव्हा शाळेत नववीला समास शिकवत होते. शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "बाई, चला." मी खडू ठेवला आणि गेले.

मैदान म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे जे येतं ते इथे आणू नये. आमचं गाव भाटघर धरणाच्या पाण्याच्या शेपटाला आहे. पावसाळ्यात पाणी देवळाच्या खालच्या पायरीपर्यंत येतं आणि होळीनंतर हटू लागतं. पाणी हटलं की खालून जमीन निघते. त्या ओल्या गाळात काही जण काकडी, कलिंगड लावतात, त्याला गाळपेर म्हणतात. गाळपेरीतून उरेल त्या तुकड्यावर आमचा फुटबॉल क्लब खेळतो. हंगामाच्या सुरुवातीला मैदान इतकं अरुंद असतं की सात-सात जणच मावतात. मे महिन्यात अकरा-अकरा होतात. जुलैत मैदान पुन्हा पाण्याखाली जातं आणि क्लब घरी बसतो.

एक गोल टेकाडाकडे आहे आणि एक पाण्याकडे. पाण्याकडच्या गोलाला बॉल चुकला की तो तरंगत जातो. म्हणून क्लबने पहिल्याच वर्षी ठरवलं की गोलकीपर पोहणारा हवा. ह्यांना पोहता येत होतं. एवढ्या गुणावर हे एकविसाव्या वर्षी गोलकीपर झाले आणि बावन्नाव्या वर्षापर्यंत राहिले. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, पाण्याकडे दुसऱ्या संघाचा गोलकीपर उभा राहिला, तरी बॉल आणायला हेच धावत जायचे. पाहुण्याला पाण्यात कसं घालायचं, असं म्हणायचे.

मी त्यांचा उल्लेख 'हे' असा करते. एरवी मी शुद्धलेखनाच्या बाबतीत कडक आहे, पण सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्यांना नावाने हाक मारली नाही आणि आता कागदावर मारण्यात अर्थ नाही. सगळं गाव मला बाई म्हणतं, म्हणून हेही मला बाईच म्हणायचे. त्यांची पिठाची गिरणी होती. संध्याकाळी गिरणी बंद केली की भुवयांवर पीठ तसंच ठेवून हे मैदानावर जायचे. गेले त्या दिवशी लाईट नव्हती, गिरणी बंद होती, म्हणून सकाळीच गेले. पाडव्याला पहिला सामना असतो, त्याच्या रेघा मारायच्या होत्या.

क्लब स्थापन केला तो कोल्हापूरकडून आलेल्या खेळाच्या शिक्षकांनी. त्यांनी एक बॉल, एक शिट्टी आणि नियमांची वही आणली, पोरांना वेड लावलं आणि तिसऱ्या वर्षी बदली मागून घेतली. निष्ठेच्या इतिहासात ही गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. क्लब पहिल्यांदा कोणी सोडला असेल तर तो संस्थापकांनी.

ह्यांनी सोडला नाही. दरवर्षी पाणी उतरलं की गाळाबरोबर दगड वर येतात. नांगरटीत येतात तसे, कुठून येतात कळत नाही. ते वेचल्याशिवाय खेळता येत नाही, गुडघे फुटतात. पहिल्या वर्षी दगड वेचायला वीस जण होते. पाचव्या वर्षी आठ. पुढे हे एकटे. बाकीचे पाडव्याला थेट बूट घालून यायचे आणि विचारायचे, "अजून त्या कोपऱ्यात खडे हायेत व्हय?" हे घमेलं घेऊन त्या कोपऱ्यात जायचे. वेचलेले दगड हे टेकाडाच्या पायाशी टाकत. त्याचा माणसाएवढा ढीग झाला आहे. दर पावसाळ्यात तो बुडतो आणि दर होळीला वर येतो.

आता शर्टांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं एका शर्टावरून झालं.

क्लबकडे शर्टांचा एकच संच आहे, अकरा शर्टांचा. पंधरा वर्षांपूर्वी निवडणुकीच्या तोंडावर तालुक्यातल्या एका साहेबांनी तो दिला. पाठीवर आकडे, छातीवर साहेबांच्या पक्षाचं चिन्ह. त्याआधी पोरं गंजीवर खेळत, त्यामुळे चिन्हाकडे कोणी पाहिलं नाही, कापडाकडे पाहिलं. गोलकीपरचा शर्ट वेगळ्या रंगाचा लागतो हे साहेबांना कोणी सांगितलं नव्हतं. भोरला स्पर्धेत पंचांनी अडवलं तेव्हा हे शर्ट उलटा घालून उभे राहिले.

संच धुवायचं काम माझ्याकडे आलं. ठराव वगैरे काही झाला नाही. पहिल्या सामन्यानंतर ह्यांनी अकरा शर्ट घरी आणून न्हाणीत ठेवले, एवढंच.

तीन वर्षांनी साहेबांनी पक्ष बदलला. त्यांच्या कार्यालयातून कापडाचे अकरा चौकोन आले, प्रत्येकावर नवं चिन्ह. जुन्यावर शिवून घ्या, असा निरोप होता. मी शिवले. मग साहेब आणखी एका पक्षात गेले. पुन्हा अकरा चौकोन. मी ते आधीच्या ठिगळावर शिवले. तिसऱ्यांदा गठ्ठा आला तेव्हा मी ह्यांना विचारलं, "प्रत्येक वेळी आपणच का शिवायचं?"

"शिव की, बाई," हे म्हणाले. "कापड त्यांचंच हाय."

"सुई माझी आहे."

"आन् छाती माझी. जाड झालंय ते बरंच हाय. बॉल लागला तरी आता दुखत न्हाई."

तेव्हा तीन ठिगळं आणि त्याखाली छापलेलं मूळ चिन्ह, अशी चार पदरी छाती घेऊन हे गोलात उभे राहत. साहेबांचं राजकीय चरित्र कोणाला लिहायचं असेल तर त्याला अकरा प्रती उपलब्ध होत्या.

गेले त्या सकाळीही हे एक नंबरचा शर्ट घालूनच गेले होते. फक्की मारायची असली तरी शर्ट अंगात लागायचा. भोरच्या दवाखान्यात तो काढला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. त्यावर चुना होता, गाळ होता. बाकीचे दहा शर्ट मी पुढच्या आठवड्यात धुतले, कारण ते क्लबचे होते. तो धुतला नाही. पिशवीची गाठ न सोडता शाळेच्या पुस्तकांच्या कपाटात ठेवला. मला तो हवा होता. दुसरं काही नको होतं.

दशक्रियेला नदीकाठी मांडव घातला होता. आमच्या भागात दहाव्याला आधी प्रवचन होतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं, आणि भाषणांना जितके पुढारी येतील तितका मृताचा मान. ह्यांना सात आले. ह्यांना जिवंतपणी भेटलेले त्यात दोन होते.

क्लबचा सेक्रेटरी आधी बोलला. तो भोरला मोबाईलचं दुकान चालवतो. त्याने मोबाईलमध्ये पाहून इटलीतला एक, इंग्लंडातला एक, स्पेनमधला एक असे खेळाडू सांगितले, ज्यांनी सगळं आयुष्य एकाच क्लबला दिलं. "त्यांच्याच माळेतला हा आपला मणी," तो म्हणाला. लोकांनी मान डोलावली. मी त्या खेळाडूंविषयी नंतर वाचलं. मोठमोठे क्लब त्यांच्या दाराशी पैसे घेऊन उभे होते आणि ते गेले नाहीत. आमच्या ह्यांच्या दाराशी लोक दळणाचे डबे घेऊन उभे असत. मोह एसटीने येतो आणि आमच्याकडे एसटी दिवसातून दोनदा येते, तीही वेळेवर नाही.

मग साहेब उठले. साहेब निष्ठेवर बोलले. "आजच्या काळात," ते म्हणाले, "माणसं सकाळी एकीकडे आणि संध्याकाळी दुसरीकडे. अशा काळात एका माणसाने एकतीस वर्षं एकच झेंडा खांद्यावर घेतला." आवाज जड झाला होता आणि तो खोटा नव्हता. पुष्कळ वर्षं पक्ष बदलणाऱ्या माणसाला निष्ठेविषयी खरोखरच भरून येत असावं. आपल्याला न मिळालेल्या गोष्टींविषयी येतं तसं.

तिसरे होते सारोळ्याचे हॉटेलवाले. हमरस्त्यावर त्यांचं हॉटेल आहे आणि कधीकाळी त्यांचा स्वतःचा फुटबॉल संघ होता, बारमाही मैदानासकट. ते म्हणाले, "मी स्वतः तीनदा निरोप धाडला. म्हटलं, बूट देतो, जेवण देतो, या आमच्याकडं. पण हा पठ्ठ्या म्हणाला, माझा क्लब सोडणार नाही!" मांडवात बायका हुंदके देऊ लागल्या. ही गोष्ट गावाला पाठ होती. वीस-पंचवीस वर्षं सगळे ती सांगत आले होते.

खरी गोष्ट मला ठाऊक होती.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे मला एवढंच म्हणाले की सारोळ्याला एक काम आहे. मी भाकरी बांधून दिली. दोन एसट्या बदलून हे हॉटेलवाल्यांच्या संघाच्या चाचणीला गेले. संध्याकाळी परत आले, हातपाय धुतले, आणि बऱ्याच वेळाने आपण होऊन सांगितलं. पहिलाच बॉल गोलावरून गेला तसे हे सवयीने मागे वळून धावत सुटले. मागे पाणी नव्हतं, ऊस होता. हे उसात शिरले. बॉल शोधून बाहेर येईपर्यंत तिकडे दुसरा बॉल घेऊन खेळ सुरू झाला होता आणि मोकळ्या गोलात दोन गोल झाले होते.

"पुन्हा गेलात उसात?" मी विचारलं.

"तीनदा," हे म्हणाले. "पाय ऐकंनात, बाई."

शेवटी त्या लोकांनी "कळवतो" म्हटलं. गावात तेव्हा एकच फोन होता, पोस्टात. पुढचा महिनाभर हे पोस्टाच्या आळीतली दळणं स्वतः घरपोच करत होते. मग एक दिवस तिकडे जायचे बंद झाले. कोणी विचारलं, "सारोळ्याला जानार व्हतास ना रं?" तर हे म्हणाले, "आपलाच क्लब बरा." एवढंच वाक्य. त्यावर गावाने मजले चढवले आणि ह्यांनी ते पाडले नाहीत.

भाषणं झाल्यावर हॉटेलवाले माझा निरोप घ्यायला आले. मी हळूच विचारलं, "निरोप कोणत्या साली धाडला होतात?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई, खरं सांगू का? म्या त्यांला वळखतबी न्हवतो. सेक्रेटरीनं फोन केला, म्हनला दोन शब्द बोला."

"मग तीनदा कसं आलं?"

"एकदा म्हनलं तर बरं दिसत न्हाई. माणूस गेलं म्हंजी बरं बोलावं, बाई. त्यात आपलं काय जातं?"

त्यांचं काही जात नव्हतं हे खरं. मी वह्या तपासून आयुष्य काढलं आहे, चूक दिसली की हात लाल पेनाकडे जातो. त्या दिवशी गेला नाही. ह्यांनी जे वीस-पंचवीस वर्षं तसंच ठेवलं ते मी दहाव्या दिवशी कशाला खोडू?

पण त्याच मांडवात शेवटी सेक्रेटरीने पुन्हा माईक घेतला आणि जाहीर केलं की परदेशातल्या मोठ्या क्लबांप्रमाणे आपणही एक नंबर कायमचा निवृत्त करत आहोत. हा शर्ट यापुढे कोणी घालणार नाही. तो काचेत बसवून पंधरा ऑगस्टला साहेबांच्या हस्ते ग्रामपंचायतीत लावण्यात येईल.

मागून एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "निवृत्त म्हंजी? पेन्शन हाय का?"

दुसऱ्या कोणी हिशेब मांडला. "शर्ट अकरा. एक काचेत गेला तर ऱ्हातेत धा. गोलकीपर काय उघडा उभा ऱ्हानार?"

"भावना समजून घ्या," सेक्रेटरी म्हणाला.

मला कोणी विचारलं नाही. शर्ट क्लबचा होता, विचारायचं कारणही नव्हतं.

त्या मांडवात सगळ्यांत जास्त रडणारा माणूस भाषणाला उठला नाही. तो आमच्या शेजारचा गाळपेरवाला. मैदानाच्या कडेला त्याची काकडी असते. एकतीस वर्षं बॉल त्याच्या वेलांत जात होता आणि एकतीस वर्षं तो ह्यांना शिव्या देत होता. दोनदा त्याने बॉल विळ्याने कापला, एकदा पाण्यात सोडून दिला आणि ह्यांना अर्धा मैल पोहावं लागलं. दोघांचं भांडण इतकं नियमाने चालायचं की सुरू झालं की मी चहा ठेवायची. आता तो मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता आणि नाक पुसायला त्याच्याकडे टॉवेलही नव्हता.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझी मुलगी पुण्याला नोकरी करते, ती म्हणाली, इकडे ये. मी म्हटलं, निवृत्तीला सहा वर्षं आहेत. मीसुद्धा एकाच शाळेत सव्वीस वर्षं आहे. संस्थेची शाळा एकच, बदली करायला दुसरी नाही. याला कोणी निष्ठा म्हटल्याचं ऐकलं नाही. अनुदानित पद म्हणतात. लोकांच्या मते मी नशीबवान आहे.

जुलैत पाणी चढलं. आधी गोलाचे बांबू बुडाले, मग दगडांचा ढीग. त्याच आठवड्यात सेक्रेटरी घरी आला. चपला बाहेर काढून ओटीवर बसला.

"वैनी, शर्ट तयार ठेवा. फ्रेमवाल्याला माप द्यायचंय."

मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"आन् एक बारकं काम हाय," तो म्हणाला. "छातीवरची ठिगळं तेवढी उसवून द्या."

"का?"

"साहेब परत मूळ पक्षात आलेत ना. मागल्याच महिन्यात. पेपरात आलं की वो! आता खालचं छापलेलं चिन्ह बरोबर हाय. वरची तीन चुकीची झाली. काचेत चुकीचं कसं लावायचं?"

"आणि परत गेले तर?"

तो हसला नाही. मोबाईलकडे पाहत म्हणाला, "फ्रेमला मागनं स्क्रू लावून घेतोय. उघडता यील."

तो गेल्यावर मी बराच वेळ ओटीवरच बसले. काचेत तो शर्ट गेला असता तर ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी गेल्यावर मला तो दिसला असता, साहेबांच्या चिन्हासकट, आणि मी रांगेत उभी राहून त्याच्याकडे पाहिलं असतं. नाही म्हणावं तर कोणत्या हक्काने? पावती क्लबच्या नावाची. माझ्या नावाचं त्यात काही होतं तर टाके होते.

रविवारी दुपारी मी पिशवीची गाठ सोडली. थोडा चुना कोरडा होऊन पिशवीत पडला होता. चष्मा लावला, शिवणाची छोटी कात्री घेतली आणि उजेडात बसून वरचं ठिगळ उसवायला घेतलं. माझे टाके बारीक असतात, वेळ लागला. चौथी बाजू सुटली आणि ठिगळ उचललं, तर मध्ये पीठ होतं.

हे गिरणीतून तसेच मैदानावर जात, त्यामुळे ते वर्षानुवर्षं कडेने आत जात राहिलं असणार. धुण्यात ते ओलं व्हायचं आणि पुन्हा वाळायचं. त्याची पापुद्र्यासारखी पातळ वडी झाली होती. दुसऱ्या ठिगळाखालीही होतं, थोडं पिवळं. ज्वारीचं की गव्हाचं ते मला सांगता आलं नाही. ह्यांनी बोटांनी चोळून सांगितलं असतं. मी तिथेच थांबले, आत जाऊन पाणी प्यायले आणि परत आले.

तिसरं ठिगळ निघेना. बारा वर्षं मी त्यावरून इस्त्री फिरवली होती. हलकेच ओढलं तेव्हा ते सुटलं, आणि त्याच्याबरोबर खालचं छापील चिन्हही सुटलं. ते रंगासकट ठिगळाच्या पाठीला चिकटून आलं, उलटं. शर्टावर काहीच राहिलं नाही. ऊन न लागल्यामुळे तेवढा भाग नव्या कापडासारखा गडद होता. एक चौकोन, माझ्या तळहाताएवढा. साहेब ज्या मूळ घरी परतले होते ते घर निदान ह्यांच्या छातीवर तरी उरलं नव्हतं.

मी तीनही ठिगळं धुतली, वाळवली, इस्त्री केली. शर्ट मात्र न धुता, पिठाच्या वड्या त्याच्या घडीत ठेवून, पिशवीत घालून कपाटात ठेवला.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सेक्रेटरी आला. मी त्याच्या हातात ठिगळं दिली.

"हे काय?"

"तुमचं जे होतं ते. उसवून द्या म्हणालास."

"अवो, शर्ट!"

"शर्टावर आता चिन्ह नाही. सगळी इथे आहेत. तीन वरच्या बाजूने आणि मूळचं या तिसऱ्याच्या पाठीला. ते दाखवायचं असेल तर काच दोन्हीकडून लावून घ्या."

तो ठिगळं उलटीसुलटी करून पाहत राहिला. पोरगा माझा विद्यार्थी. निबंधात नेहमी कमी पडायचा, पण मूर्ख नव्हता.

"बाई," तो म्हणाला, वैनी म्हणायचं विसरला, "साहेबांला काय सांगू?"

"सांग की बाईंनी जपून ठेवलं."

"तुमाला शर्ट द्यायचाच न्हाई, व्हय ना?"

"नाही," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत गावात कोणाला मी इतकं छोटं उत्तर दिलं नव्हतं. त्याने चपला घातल्या. फाटकापाशी थांबून ठिगळं खिशात ठेवली आणि गेला.

पंधरा ऑगस्टला कार्यक्रम वेळेवर झाला. ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत एक नंबरचा शर्ट लागला. सेक्रेटरीने पुण्याहून नवा छापून आणला होता. चिन्ह ताजं होतं. त्याखाली सोनेरी अक्षरांत 'एकनिष्ठ' असं लिहिलेलं. साहेबांनी हार घातला, निष्ठेवर बोलले, आणि या वेळीही त्यांचा आवाज जड झाला. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्यांचा घामाचा शर्ट बगा." मी बरं म्हटलं. घामाचा शर्ट कपाटात होता. त्या काचेतल्या शर्टाला अजून घडीच्या रेषाही गेल्या नव्हत्या. पण लोकांनी मनापासून नमस्कार केला, आणि कोणाला काही कमी पडलं असं वाटलं नाही. मग मी विचार केला, ठीक आहे. काचेतल्या माणसाला काचेतला शर्ट. सारोळ्याला नाही म्हणालेला माणूस तो. तीनदा उसात शिरलेला माणूस माझ्याकडे राहिला.

त्यानंतर महिने गेले. दर काही दिवसांनी मी कपाट उघडायची, पिशवीला हात लावायची आणि बंद करायची. गिरणी मुलीच्या सांगण्यावरून भाड्याने दिली. तिचा आवाज मात्र सकाळी ऐकू येतो, तसाच.

यंदा होळी झाली आणि पाणी हटू लागलं. मी वाट पाहिली. घमेलं घेऊन कोणी खाली गेलं नाही. क्लबच्या मोबाईलवरच्या गटात रोज सकाळी ह्यांच्या फोटोखाली हात जोडलेले शंभर नमस्कार येत होते. पाडव्याचा सामना 'एकनिष्ठ चषक' या नावाने ठरला होता. दगड तसेच होते.

एका रविवारी सकाळी मी साडी खोचली आणि घमेलं घेऊन खाली गेले. गुडघे दुखतात, म्हणून बसून वेचायला लागले. पाण्याकडच्या कोपऱ्यातून सुरुवात केली, हे करायचे तशी. थोड्या वेळाने सावली पडली. गाळपेरवाला होता, हातात कुदळ.

"बाई, तुमी हितं?"

"दगड वेचते."

त्याने मैदानाकडे पाहिलं. "यंदा म्या काकडी दोन वाव मागं घेतलीय," तो म्हणाला. "बगा, कडंला जागा सोडलीय."

"एकतीस वर्षं सोडली नाहीत ती."

"तवा सोडली असती तर त्यो भांडला कुनासंगं असता?"

तो कुदळ टाकून खाली बसला आणि दगड वेचू लागला. घमेलं भरलं की तो उचलून ढिगावर टाकायचा. दुपारपर्यंत एक कोपरा झाला. मग घाम पुसत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "गोलकीपर कोन हाय यंदा?"

"कोणी नाही. पोरांतल्या कोणाला पोहता येत नाही."

"मला येतं."

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं वय ह्यांच्याहून तीन वर्षांनी जास्त.

"तुम्हाला फुटबॉल येतो का?"

"त्याला तरी कुठं येत हुता?" तो म्हणाला. "पन बाई, उघडा उभा न्हाई ऱ्हानार म्या. शर्ट हाय का?"

मी नाही म्हणू शकत होते. एकदा म्हणून पाहिलं होतं, जमत होतं. पिशवी उघडली की पीठ जाणार, अंगात घातला की चुना जाणार, आणि सामना झाला की शर्ट धुवावा लागणार, हे मला दिसत होतं. काचेत ठेवू दिला नाही आणि कपाटात ठेवला, यात फरक काय, हेही मी वर्षभर स्वतःला विचारलं नव्हतं. तिथे गाळात बसून विचारलं.

"घेऊन येते," मी म्हटलं.

पाडव्याला गाळपेरवाला एक नंबरचा शर्ट घालून पाण्याकडच्या गोलात उभा राहिला. सेक्रेटरी धावत आला, नंबर निवृत्त झाला आहे असं म्हणाला. गाळपेरवाला म्हणाला, "तुझा झाला आसंल. माजा आज कामावर लागलाय." त्याच्यावर पाच गोल झाले. दोनदा बॉल पाण्यात गेला, दोनदा त्याने पोहत जाऊन आणला. एकदा बॉल त्याच्याच काकडीत गेला आणि तो स्वतःलाच शिव्या देत वेलांतून चालला. लोक हसले. मीही हसले.

संध्याकाळी सात शर्ट न्हाणीत आले. मी सातही धुतले. साहेबांविषयी पेपरात पुन्हा काहीतरी येऊ लागलं आहे, पण अजून चौकोनांचा गठ्ठा आलेला नाही.

शर्ट दोरीवर आहे. छातीवर गडद चौकोन आहे, उन्हाने तोही उतरेल. पीठ गेलं. टेकाडाच्या पायाशी दगडांचा ढीग आहे आणि त्यात यंदाचे दगड माझे आहेत.